पुरलेलं, हरवलेलं, वाहिलेलं, वाहून आलेलं

नवी मुंबईत समुद्र कुठे आहे, असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं की आपण त्याला पामबीच रोडवर नेतो. तिथे पाम आहेत, बीच नाही. आहे ती खाडी, गाळ आणि कांदळवन. पायाला वाळू लागायला हवी असेल तर उरण गाठावं लागतं. १२ जानेवारी २०२४ ला लोकल थेट उरणपर्यंत जायला लागल्यापासून ते सोपं झालं आहे. स्टेशनावर उतरून रिक्षा केली की पिरवाडी, नागाव, केगाव. ठाणेकरांचं दुखणं वेगळं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि वसईपासून वरचा सगळा किनारा त्याच्याकडे गेला. ठाणे जिल्ह्याच्या नावावर उघडा समुद्र उरला तो उत्तन, चौक, पाली या पट्ट्यापुरता.

या किनाऱ्यांवर हल्ली अधूनमधून कानाला हेडफोन लावलेला, झाडू मारल्यासारखा मेटल डिटेक्टरचा दांडा डावीकडून उजवीकडे फिरवणारा माणूस दिसतो. यंत्र ऑनलाइन मिळतं, काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत. भेळ खाणारे त्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘काय, सापडतं का काही?’ दुसरा, जरा आवाज बदलून, ‘याला परवानगी लागते का?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे: बाटल्यांची बुचं सापडतात. दुसऱ्याचं उत्तर मात्र ‘लागते’ किंवा ‘नाही लागत’ असं एका शब्दात देता येत नाही. जो देतो त्याने कायदा वाचलेला नसतो.

अडचण मुळात अशी की आपल्याकडे मेटल डिटेक्टरच्या छंदाचा वेगळा कायदाच नाही. इंग्लंडमध्ये ‘ट्रेझर अ‍ॅक्ट १९९६’ आहे, त्यात मोडणारी वस्तू सापडली की १४ दिवसांत कळवायचं असतं. फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या शोधासाठी यंत्र वापरायचं तर प्रांताच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत यंत्र जवळ बाळगणंसुद्धा चालत नाही. आपल्याकडे यंत्राबद्दल कायदा गप्प आहे. तो बोलतो ते तीन गोष्टींवर: जागा कोणाची, खोदता का, आणि हाताला लागलेली वस्तू तिथे आली कशी. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. कारण वाळूतली वस्तू चार वाटांनी आलेली असते. कुणीतरी पुरलेली, कुणाची हरवलेली, कुणी देवाला वाहिलेली, किंवा समुद्रातून वाहून आलेली. यंत्राला चारही सारख्याच ऐकू येतात.

पुरलेल्यापासून सुरुवात करू, कारण भीती तिचीच असते. १८७८ चा निखात निधी कायदा, लोकांच्या भाषेत गुप्तधनाचा कायदा. त्यातली व्याख्या एका ओळीची आहे: जमिनीत, किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या कशातही दडलेली, काहीही किंमत असलेली वस्तू. तिची किंमत १० रुपयांहून जास्त असेल तर ज्याला सापडली त्याने होईल तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन असा जामीन द्यायचा. हे कलम ४. कळवलं नाही तर कलम २० आहे: वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हिस्सा सरकारजमा.

दहा रुपये. आज त्यात कटिंगसुद्धा जपून मागावा लागतो. पण १८७८ चा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅमचं चांदीचं नाणं होतं. दहा रुपये म्हणजे जवळपास ११७ ग्रॅमची ओंजळ. आकडा तिथेच राहिला आणि रुपया झिजत गेला, त्यामुळे कायद्याची चाळणी आता इतकी बारीक झाली आहे की तिच्यातून काहीच खाली पडत नाही. ‘छोटंसंच होतं हो’ ही सबब या कायद्यापुढे चालत नाही.

पुढची प्रक्रिया मात्र लोकांना वाटते तितकी लुटारू नाही. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतात. चौकशीत कोणी, कुठे, कसं सापडवलं हे विचारतात आणि कोणी, कोणत्या परिस्थितीत दडवलं होतं हेही. शंभर वर्षांच्या आत कुणी दडवलं असावं आणि त्याचा वारस समोर आला असेल तर त्याला दिवाणी दावा लावायला मुदत मिळते. कुणाचीच मालकी निघाली नाही आणि जागेच्या मालकाने हक्क सांगितला, तर दोघांत काही ठरलेलं नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जागामालकाचा. सरकारला ती वस्तू स्वतःसाठी हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात शोधणाऱ्याची एवढी कदर आहे, ही गोष्ट सोन्याच्या अफवा सांगणारे कधी सांगत नाहीत.

आणि आपल्या भागात पुरलेलं निघतं, यात नवल नाही. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे कारागृह आहे तिथे, १७८७ मध्ये खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला. शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, स्तूपात १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना करंडक मिळाले, त्यांत सोन्याची फुलं होती. समोर घारापुरीच्या मोरा बंदराच्या काठाला रोमन मद्यकुंभांची खापरं मिळालेली आहेत. या सगळ्यात धातू नुसता धातू म्हणून मोलाचा नव्हता. स्तूपातली फुलं कोणत्या करंडकात, कशाच्या शेजारी होती हे नोंदलं गेलं म्हणून आपल्याला सोपाऱ्याबद्दल काही कळलं. तीच फुलं कुणी रात्री काढून सराफाला घातली असती तर काही ग्रॅम सोनं एवढंच उरलं असतं.

म्हणून शंभर वर्षांपेक्षा जुनं काही दिसलं की हात थांबवायचा. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात शंभर वर्षं ही सीमा आहे, हस्तलिखितांना पंचाहत्तर. नाणं घासायचं नाही, चिंच लावायची नाही, लिंबू तर नाहीच. वर बसलेला हिरवा-काळा थर निघाला की अक्षरंही निघतात. जागेवर शेजारी पट्टी किंवा चालू नाणं ठेवून फोटो, मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, खड्ड्याची खोली, आणि ओल्या वाळूसकट डबीत. मग जिल्हाधिकाऱ्यांना पत्र आणि प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला. त्याच खड्ड्यात ‘अजून एखादं असेल’ म्हणून पुढे खणणं हा शोध राहत नाही, ते उत्खनन होतं. पुरातत्त्वीय उत्खननाला केंद्राच्या मान्यतेशिवाय राज्य सरकारलाही परवानगी देता येत नाही, हे १९५८ च्या स्मारक कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. तिथे जिल्हाधिकाऱ्यांची सहीही पुरी पडत नाही.

किल्ल्यांजवळचा हिशेब वेगळा ठेवावा. वसई, अर्नाळा, अलिबागचा कुलाबा, ही केंद्राची संरक्षित स्मारकं. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित, हे बांधकाम आणि खाणकामासाठी आखलेले पट्टे आहेत. यंत्रवाल्याने मात्र ते आपल्यासाठीच आखलेत असं समजून ३०० मीटरच्या आत यंत्र पिशवीतून काढूच नये. अलिबागला ओहोटीत लोक किल्ल्यापर्यंत चालत जातात, त्या वाटेवर यंत्र फिरवायचा मोह होतो. त्या मोहाला कायद्यात सवलत नाही.

आता जागा. ‘किनारा सार्वजनिक आहे’ याचा अर्थ तो कुणाचाच नाही असा लोक लावतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० सांगतं की भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदराचा आणि खाडीचा तळ राज्य शासनाचा. म्हणजे ज्या ओल्या वाळूवर तुम्ही उभे आहात तिला मालक आहे आणि त्याचं कार्यालय आहे. उरणची गंमत अशी की ते कार्यालय शेजारी नाही. उरण रायगड जिल्ह्यात, म्हणून जिल्हाधिकारी अलिबागला, प्रांत पनवेलला, तहसीलदार उरणला. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे, आयुक्त बेलापूरला. उत्तनची गंमत उलटी: महसूल ठाण्याला, महापालिका मीरा-भाईंदरची, पोलीस मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचे. बंदराच्या हद्दीत महाराष्ट्र सागरी मंडळाचं वेगळं खातं. कांदळवन जवळ असेल तर कांदळवन कक्ष.

किनाऱ्यावर हरवलेल्या एका अंगठीसाठी एवढ्यांकडे जायचं? जायचं नाही, कागद जायचा. छापील नमुना नसल्याने साध्या कागदावर अर्ज चालतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, तहसीलदारांमार्फत. प्रती स्थानिक पोलीस ठाण्याला (उरणकडे मोरा सागरी, उत्तनला उत्तन सागरी), ग्रामपंचायत किंवा महापालिकेला, आणि बंदर निरीक्षकाला. अर्जात ‘मेटल डिटेक्टिंग करण्याची परवानगी मिळावी’ असं लिहिलं की तो टेबलावरच झोपतो, कारण वाचणाऱ्याला काय द्यायचं तेच कळत नाही. त्याऐवजी काम लिहावं: अमुक तारखेला अमुक ठिकाणी हरवलेली अंगठी हातातल्या यंत्राने शोधायची आहे. किनाऱ्याचा भाग कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत, तारीख, सकाळी किती ते किती, माणसं किती, यंत्राचा प्रकार, हत्यार फक्त हातातला वाळू चाळायचा झारा, खोली ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. खाली हमी: खड्डे तिथल्या तिथे बुजवू, वाळू बाहेर नेणार नाही, कांदळवनात आणि मासेमारीच्या होड्या-जाळ्यांच्या जागेत शिरणार नाही, दुसरं काही सापडल्यास लेखी कळवू. सोबत ओळखपत्राची प्रत आणि अंगठीचं बिल किंवा फोटो. आवक-जावक खिडकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नये. पोच म्हणजे परवानगी नव्हे, हेही ध्यानात असू द्यावं. पण किनाऱ्यावर गस्तीचा हवालदार ‘काय चाललंय?’ म्हणून उभा राहतो तेव्हा शिक्क्याचा कागद खिशात असणं आणि नसणं यात फार अंतर असतं.

हवालदार विचारणारच, आणि त्याचं बरोबर आहे. उरणला न्हावा-शेवा बंदर आहे, करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे, ओएनजीसीचा प्रकल्प आहे. २०१६ च्या सप्टेंबरात शाळकरी मुलांनी सशस्त्र संशयित पाहिल्याचं सांगितलं तेव्हा सगळा परिसर पिंजून काढला होता. अशा ठिकाणी अंधारात हेडफोन लावून दांडा फिरवणारा माणूस कसा दिसेल, याचा विचार स्वतःच करावा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर नाही, कुंपणाजवळ नाही, आणि ड्रोन तर अजिबात नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाण्यास मनाई करणारे आदेशही निघतात, त्या काळात अर्ज मंजूर असला तरी घरी बसावं.

वाळू नेऊ नये हे वर एका ओळीत लिहिलं, पण ते इतकं लहान नाही. वाळू गौण खनिज आहे. विनापरवाना नेली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त होऊ शकतं. ‘गोणीभर घरी नेतो आणि निवांत चाळतो’ हे सराफकट्ट्यावरच्या झारेकऱ्याला शोभतं. तो दुकानातली माती विकत घेऊन धुतो. किनाऱ्यावर झारा जिथे भरला तिथेच रिकामा व्हायला हवा.

खाडीचं थोडक्यात. ठाणे खाडीत यंत्र घेऊन उतरू नये. कांदळवन तोडण्या-तुडवण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी गाळ कमरेपर्यंत घेतो.

वाहिलेल्याकडे येऊ. वाशीच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून नाणं टाकणारे हात अजून आहेत, आणि खाली दोरीला चुंबक बांधून ती नाणी काढणारी पोरंही. चुंबकाला रुपया लागतो हेच मुळात ज्यांनी जुनं नाणं हाताळलंय त्यांना खटकतं. जुना रुपया तांबं-निकेलचा, त्याला चुंबक शिवत नाही. पुढचा रुपया लोहचुंबकीय पोलादाचा झाला आणि चुंबकवाल्या पोरांचं बरं झालं. यंत्रवाल्याचं मात्र वाईट झालं. यंत्रात लोखंड गाळायची सोय असते, खिळे ऐकू येऊ नयेत म्हणून. परदेशी व्हिडिओ बघून ती चालू ठेवली की आपला रुपयाही खिळ्याबरोबर गाळला जातो, किंवा यंत्राच्या पडद्यावरचा आकडा नाचत राहतो आणि आवाज तुटक येतो. इथल्या किनाऱ्यावर तुटक आवाजही एकदा दोन बाजूंनी तपासून बघावा.

पण ते नाणं घ्यावं का? ज्याने वाहिलं त्याने सोडलं, त्यामुळे हरवलेल्यासारखा मालक शोधण्याचा प्रश्न उरत नाही. चालू नाणं चलनात परत जाणं कुणाला खटकू नये. वितळवणं मात्र गुन्हा आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. अ‍ॅल्युमिनियमचे पाच-दहा पैसे खाऱ्या पाण्यात पांढरे पडून भुगा होतात, त्यांचा कुणी हेवा करू नये. विसर्जनाचं गणित वेगळं. गणपतीच्या गळ्यातली कंठी चुकून मूर्तीबरोबर जाते तेव्हा ती वाहिलेली नसते, विसरलेली असते. ती मंडळाची किंवा त्या घराची. दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर यंत्र घेऊन पळणाऱ्यांना हा फरक कळतो, ऐकून घ्यायचा नसतो.

वाहून आलेल्याचा धडा या किनाऱ्याने ७ ऑगस्ट २०१० नंतर घेतला आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि उरण-अलिबागच्या किनाऱ्याला माल लागायला लागला. काहींमध्ये खायचा माल होता, काहींमध्ये कीटकनाशक. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला पाणी लागलं की विषारी वायू सुटतो. किनाऱ्याला लागलेली पेटी म्हणजे नारळ नव्हे. जहाजावरून सुटलेल्या मालाचा मालक असतो, त्याच्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी असतो, आणि तो माल सापडला की त्याला कळवायचं असतं. धातूचा लंबगोल, गंजलेला, जड तुकडा लागला तर तोही वाहून आलेला किंवा बंदरातून उपसलेल्या गाळाबरोबर आलेला दारूगोळा असू शकतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज फुटलं त्यावर दारूगोळ्याबरोबर ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या लगडी होत्या. गोष्ट सांगताना लोकांना लगडीच आठवतात. झारा टेकवायचा नाही, खूण करून मागे व्हायचं, ११२ किंवा तटरक्षकांचा १५५४.

उरलं हरवलेलं. बहुतेक वेळा यंत्र याचसाठी न्यावं लागतं, आणि यात यंत्राइतकीच भरती-ओहोटी कळावी लागते. कोळीवाड्यातला हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराच्या आसपास. पण ती भांगाची ओहोटी, पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, म्हणून ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला, आणि उधाणाच्या त्या ओहोटीत पाणी शेकडो पावलं मागे जातं. उजाडताच किनाऱ्यावर असलं पाहिजे ते याच दिवसांत. इतर दिवशी ओहोटीच्या दोन तास आधी सुरुवात करून पाण्याच्या मागेमागे खाली जावं आणि पाणी फिरल्यावर तासाभरात बाहेर यावं.

हरवणाऱ्याला विचारायचं ते ‘कुठे हरवली?’ एवढंच नाही. त्याला समुद्राकडे तोंड करून उभं करायचं आणि तेव्हा पाणी कुठे होतं, डावीकडे काय दिसत होतं, अंगठी पाण्यात निसटली की हात झटकताना उडाली, हे विचारायचं. कोरड्या वाळूत अंगठी बोट-दोन बोटं खाली असते. लाटा फुटतात तिथे मात्र प्रत्येक लाटेबरोबर वाळू क्षणभर पातळ होते. वाळूची घनता २.६५, बावीस कॅरेट सोन्याची १७ च्या पुढे. चार-आठ भरत्यांत अंगठी झाऱ्याच्या टप्प्याबाहेर जायला लागते. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो तेव्हा जुनी अंगठी पुन्हा वर येते खरी, पण ती वाट बघण्याची गोष्ट झाली, शोधण्याची नव्हे.

दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन चार काठ्या आणि सुतळीने आखावा, त्यात एकेक मीटरच्या पट्ट्या. दांड्याच्या टोकाचं साधारण २८ सेंटिमीटरचं वेटोळं वाळूपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, जमिनीला समांतर. टोकाला हात उचलला की तिथली खोली गेली. दर फेरीला निम्मं वेटोळं पुढे. या हिशेबाने एका चौकोनात सातशेच्या वर फेऱ्या होतात. नुसतं फिरवायलाच पंचवीस मिनिटं, खणणं वेगळं. मग सुतळी आडवी लावून तोच चौकोन पुन्हा. कंटाळून मध्येच ‘तिकडे बघू’ म्हणून उठणारा माणूस अंगठीवरून दोनदा चालून गेलेला असतो.

ओल्या खाऱ्या वाळूत एका वारंवारितेचं (फ्रिक्वेन्सीचं) स्वस्त यंत्र पिसाळतं. मीठपाणी वीज वाहतं, यंत्राला सगळा किनाराच धातू वाटतो. त्यात आपली वाळू बेसाल्टची, तिच्यात काळे लोहकण. उपाय क्रमाने: ओल्या वाळूवरच वेटोळं वर-खाली करत यंत्र जमिनीशी जुळवून घ्यायचं, संवेदनशीलता आवाज थांबेपर्यंत कमी करायची, आणि कोरड्यातून ओल्यात गेलं की पुन्हा जुळवायचं. अनेक वारंवारितांचं यंत्र हे बरंचसं स्वतः करतं. पल्स यंत्राला, म्हणजे विजेचे ठोके सोडणाऱ्याला, मिठाचं फारसं काही वाटत नाही, पण ते बूच आणि अंगठी यांत भेद करत नाही, म्हणून सगळंच खणायचं. तसंही सगळंच खणावं लागतं. बारीक सोन्याची अंगठी, कॅनची कडी आणि गोळ्यांच्या पाकिटाची चांदी यांचा आकडा शेजारीशेजारीच येतो.

सुरुवातीला एक काम न चुकता करावं. हरवली तशीच दुसरी अंगठी दहा सेंटिमीटर खोल पुरून यंत्राचा आवाज ऐकून घ्यावा. पण तिला आधी लाल दोरा बांधून टोक वर ठेवावं, नाहीतर एकाच्या दोन होतात. साखळी हरवली असेल तर अपेक्षा कमी ठेवावी. यंत्राला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते आणि ती फार लहान असते. मंगळसूत्रात मणी गप्प, वाट्या बोलतात.

आणि मग कधीतरी झाऱ्यात अंगठी येते, पण ती नसते. कुणा दुसऱ्याची. हा प्रसंग अर्ज लिहिताना कुणाच्या मनात नसतो. कायद्याने तुम्ही आता तिचे मालक झालेले नाही, राखणदार झालात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ सापडवणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकतं. मालकाने इनाम जाहीर केलेलं असेल तर ते मागायचा हक्कही त्याच कायद्याचं कलम १६८ देतं. मालक शोधायची खटपट न करता अंगठी बोटात घातली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत.

खटपट म्हणजे काय, तर आधी गोड्या पाण्याने धुऊन आतली बाजू भिंगाखाली धरायची. २०२१ नंतरची असेल तर बहुधा बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेची २२के९१६ सारखी खूण आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लेझरने कोरलेला असतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यावर तो नसूही शकतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो घातला की हॉलमार्क केंद्र आणि जवाहिऱ्याची नोंदणी दिसते. मालकाचं नाव दिसत नाही, आणि दिसू नयेच. त्याहून जुन्या हॉलमार्कमध्ये जवाहिऱ्याची खूण असायची. फोटो, वजन, ठिकाण आणि हा क्रमांक लिहून अंगठी पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, प्रत तहसीलदारांना. पुढचं पत्र पोलिसांकडून जवाहिऱ्याकडे जातं. क्रमांक खाऱ्या वाळूने घासून गेला असेल आणि आत नुसतं ‘सु. १२-५-९८’ एवढंच उरलं असेल, तर तेवढंच लिहायचं, आणि ‘सु.’ पुढचं टिंब तसंच ठेवायचं.